काळडोहाची तलवार आणि गोठ्यामागचा उकिरडा

मुकुटबन
९ जानेवारी २०२५

ती. बाईस उकंडाचा नमस्कार,

फोनच करणार होतो. पण फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, मग तू म्हणतेस गल्ली गोळा करू नको. म्हणून लिहितो आहे. वाचून झालं की पत्र आत ठेव. शेषरावला दाखवू नकोस, कारण यात त्याच्याविषयी आहे.

वैष्णवीचं लग्न ठरलं. वैशाखात, इथेच, आपल्या दारात. जावई गेल्यापासून नात आणि तिची आई माझ्याकडे आहेत, तेव्हा करायचं ते मलाच. पाहुणे नागपूरचे. मुलगा चांगला आहे. पण त्याचे वडील कॉलेजात शिकवत होते आणि प्रत्येक गोष्ट इतकी शांतपणे विचारतात की मला घाम फुटतो. परवा म्हणाले, पत्रिकेत आजोबांचं नाव काय घालायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, उत्तमराव. वैष्णवीची आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती बघतच राहिली. आता आधार कार्डावर उकंडा, सातबाऱ्यावर उकंडा आणि पत्रिकेत उत्तमराव. मंडपात कोणी विचारलं तर काय सांगू?

पण ते राहू दे. मोठी काळजी कपिलची आहे.

दिवाळीत त्यानं काढलेला तो तलवारींचा आणि जादूटोण्याचा सिनेमा आला, ‘काळडोहाची तलवार’. वणीला लागला आणि आठवडा व्हायच्या आत उतरला. मी पाहिला नाही. आपला शेजारी देवराव पाहून आला आणि न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, “उकंडाभाऊ, पोरानं तुमची जयंतीच काढली पडद्यावर.” मग त्यानं कथा सांगितली. कराळी नावाची एक जादूगारीण आहे, ती राजाची लेकरं जन्मली की घेऊन जाते. शेवटचं लेकरू वाचावं म्हणून राणी त्याला उकिरड्यावर टाकते आणि त्या उकिरड्याचंच नाव ठेवते, उकंडा. तोच पुढे नायक होतो.

तुझ्यानंतरची, माझ्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि हे नाव दिलं, ही आपल्या घरातली गोष्ट. ती घरातच राहायला हवी होती. त्यानं ती तिकीट लावून दाखवली. नागपूरच्या एका पेपरात काय आलं ते तुला लिहून पाठवतो. “नायकाची बहीण तान्ह्या भावाकडे पाठ करून बसते आणि बसूनच राहते. अभिनय म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले नसावे. नायकाला उकिरड्यावर टाकतात. चित्रपटाची जागाही तीच.” हा कागद मी पंचांगात ठेवला आहे. फेकवत नाही आणि वाचवतही नाही.

आणि तो उकिरडा कुठला माहीत आहे का? दोन वर्षांमागे झरीकडच्या जंगलात त्यांचं शूटिंग होतं, तेव्हा कपिलचा फोन आला, बाबा, शेणखत पाहिजे, दोन ट्रॉल्या. मला वाटलं झाडं लावत असतील. गोठ्यामागचा चांगला मुरलेला माल मी स्वतः उभं राहून भरून दिला. वर विचारलं, अजून लागते का.

दिवाळीच्या दिवशी मी त्याला फोनवर सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नको. तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही.

आता मामाशिवाय लग्न कसं लागायचं? नवरीला मंडपात आणणार कोण, पाठीशी उभं राहणार कोण? तुझा मुलगा शेषराव नात्यानं तिचा मामाच लागतो. त्याला पाठवशील का? कळव. रात्री झोप येत नाही.

तुझा
उकंडा


ढाणकी
२१ जानेवारी २०२५

चि. उकंडास अनेक आशीर्वाद,

पत्र पोचलं. शेषरावनंच पाकीट फोडलं आणि त्यानंच मोठ्यानं वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

वैष्णवीचं ठरलं, बरं वाटलं. तिला माझ्याकडून पैठणी येईल. तू नागपूरच्या पाहुण्यांना घाबरतोस हे वाचून हसू आलं. तू पहिल्यापासून असाच. वासरू अंगणात सुटलं तरी तू झाडावर.

आता तुझ्या उत्तमरावाविषयी. हा कोण माणूस आहे, मी याला ओळखत नाही. माझ्या भावाचं नाव आईनं ठेवलं आणि ते नाव घेऊन तो जगला. ज्यांची नावं चांगली होती ती तिघं जगली नाहीत. एवढं लक्षात ठेव.

कपिलचा सिनेमा मी पाहिला. एकदा उमरखेडला जाऊन आणि एकदा इथे घरी, जयानं, म्हणजे शेषरावच्या सुनेनं, टीव्हीवर लावून दिला तेव्हा. तू मला विचारलं नाहीस, तरी सांगते. तलवारींची मारामारी मला पटली नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि दोघंही दमत नाहीत. ती कराळी उडते तेव्हा जया म्हणाली, “आजी, दोरी दिसली का?” मी म्हटलं, मला आंधळीलेही दिसली. नायक सगळा वेळ छाती उघडी टाकून फिरतो, त्याला जंगलात डास चावत नाहीत का? पेपरवाल्यानं शिव्या दिल्या त्यातल्या अर्ध्या बरोबर आहेत.

अर्ध्या नाहीत. कोणत्या नाहीत ते मी सांगणार नाही. तू जा आणि पाहा. पाहिल्यावर मला लिही, मग शेषरावचं बघू. न पाहता लेकाला दाराबाहेर काढणारा माझ्या माहितीत तू एकटाच.

भावजयीला सांग, गुडघ्याला एरंडाचं तेल लाव.

तुझी
बाई


मुकुटबन
३० जानेवारी २०२५

ती. बाईस नमस्कार,

मी शेषरावविषयी विचारलं आणि तू मला सिनेमाला पाठवतेस. डोळ्यांना पाणी येतं, कानाला ऐकू येत नाही, मी तिथे बसून करू काय?

तुला काही गोष्टी ठाऊक नाहीत, कारण तोवर तुझं लग्न होऊन तू ढाणकीला गेली होतीस. चौथीत नवीन मास्तर आले होते. हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि मग नाव घ्यायचे. मुलं हसायची. रोज. मास्तर वाईट नव्हते, त्यांना ती गंमत वाटायची. एक दिवस मी बैलामागे गेलो तो पुन्हा शाळेत गेलोच नाही. आबांना वाटलं पोराला शेतीची आवड आहे. कपिलला मी हे कधी सांगितलं नाही. पण माझं नाव त्याच्या शाळेच्या दाखल्यावर होतं, तेव्हा त्याला काय काय ऐकावं लागलं असेल ते त्यालाच माहीत. आणि त्यानं तेच नाव घेऊन पडद्यावर लावलं. मला वाटतं त्यानं माझ्यावर सूड घेतला. कशाचा, ते समजत नाही. मी त्याला सिनेमाच्या शिक्षणाला नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं.

पण तो जेवतो की नाही हे कोणाला विचारू? ही रोज संध्याकाळी फोन घेऊन गोठ्यात जाते. गोठ्यात काय काम, तर म्हणे म्हैस पान्हवत नाही. म्हैस तर आटली आहे. मी बहिरा आहे म्हणजे आंधळा आहे असं तिला वाटतं. काल मी सहज विचारलं, “त्यानं मोटारसायकल विकली म्हणतात, खरं काय?” ती म्हणाली, “मले काय माहीत, तुमचा लेक तुम्हीच विचारा.” म्हणजे विकली. पुण्यासारख्या गावात तो पायी फिरत असेल. पायी फिरून त्याची लहानपणची टाच दुखत असेल.

तूर काढून झाली. ढग येतात आणि जातात, हरभऱ्यावर अळी पडेल की काय याचा घोर आहे. मंडपवाला म्हणतो कापड निळं लावू, वैष्णवी म्हणते पांढरं. पांढरं कापड लग्नाला कसं चालेल? सगळे प्रश्न माझ्याचकडे येतात.

शेषरावचं तेवढं नक्की कर.

तुझा
उकंडा


ढाणकी
८ फेब्रुवारी २०२५

चि. उकंडास आशीर्वाद,

शेषराव येणार नाही. सख्खा मामा जिवंत असताना दुसरा उभा करायचा नसतो. तसं करशील तर मीही येणार नाही, आणि पैठणी पोस्टानं पाठवीन.

लग्नाला पांढरं कापड चालतं.

बाई


मुकुटबन
२ मार्च २०२५

ती. बाईस नमस्कार,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझ्यावर राग होता. आता नाही. मी सिनेमा पाहिला.

तुझ्या सांगण्यानं पाहिला असं समजू नकोस. नागपूरच्या व्याह्यांचा फोन आला. फोन वैष्णवीच्या आईनं घेतला आणि तिनं मला ओरडून सांगितलं. ते विचारत होते, ‘काळडोहाची तलवार’ तुमच्या कपिलरावांचा का? म्हणे त्यांच्या मुलानं दोनदा पाहिला, मग त्यांनीही पाहिला, आणि आता त्या मुलाच्या मित्रमंडळींत पेपरवाल्यांनी फार घाई केली अशी चर्चा चालते. माझ्या हातातून तांब्या पडला. म्हणजे त्यांना सगळं माहीत झालं. उत्तमराव कुठला आणि काय. मग मला बघणं भाग होतं, त्यांनी नेमकं काय पाहिलं ते.

मोठा टीव्ही देवरावच्याच घरी. त्याच्याकडे जायला पाय उचलत नव्हता. तो म्हणाला, “या या, आज खुद्द उकंडा महाराज दरबारात.” त्याच्या सुनेनं सिनेमा लावून दिला आणि आमच्यामागे शेंगा निवडत बसली. मला बोलणं काही ऐकू येत नव्हतं, ते देवराव मोठ्यानं सांगत होता आणि मधे मधे आपलं घालत होता. “हे घोडं पाटणबोरीच्या वरातीतलं होय, मी पैजेवर सांगतो.” “आता ही बाई उडते पहा, अन् दोर पहा.” “कराळीचे केस पाहा, निव्वळ अंबाडी हाय.” मीही हसलो. हसताना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण ते माझ्या लेकाचं होतं आणि हसणारा मी होतो.

मग ती जागा आली. राणी अंधारात येते, लेकरू ठेवते आणि जाते. उकिरडा दिसला तसा मी ओळखला. बाई, तो आपलाच आहे. आईचं टवके उडालेलं निळं ताट त्यात खाली दिसतं, आणि माझी तुटक्या अंगठ्याची वहाण दिसते. ट्रॉली भरताना ती मीच पाहिली होती आणि म्हटलं होतं, जाऊ दे. लेकरू त्यावर ठेवलेलं आणि शेजारी ती नऊ-दहा वर्षांची पोरगी. मांडीवर गंजलेली तलवार, तिच्यापेक्षा मोठी. लेकराकडे पाठ.

देवराव बोलायचा थांबला. मग सुनेला म्हणाला, “आवाज गेला काय व?” ती म्हणाली, “नाही मामाजी, असंच हाय हे. कोणी बोलतच नाही इथं.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ सगळ्यांना ऐकू येत होतं आणि मला नाही, आणि आता आम्ही सगळे सारखे झालो. कडेनं लांडगे फिरतात, त्यांचे डोळे दिसतात. पोरगी उठत नाही. लेकरू रडत असावं, कारण दर वेळी तिची मान ताठ होते आणि खांदा जरासा मागे जातो, वळेल असं वाटतं, आणि वळत नाही. पेपरवाल्यानं लिहिलं की हिला अभिनय येत नाही. त्याचं लक्ष कुठे होतं? एवढं न वळणं एखाद्या मोठ्या माणसाला जमणार नाही.

देवराव मधे म्हशीला पाणी दाखवून आला. दारातूनच म्हणाला, “अजून बसूनच हाय?” आणि येऊन माझ्याजवळ खाली बसला.

बाई, ती एक गुडघा वर घेऊन त्यावर हनुवटी टेकवून बसली होती. असं बसणारं माणूस मी एकच पाहिलं आहे. आबा गेले तेव्हा तू ओसरीवर अशीच बसली होतीस.

मला एवढंच ठाऊक होतं की मला उकिरड्यावर टेकवलं आणि लगेच उचललं. तिथे कोणी बसलं होतं हे मला कोणी सांगितलं नाही. तू होतीस का? आणि पाठ का केलीस? आणि हे कपिलला कोणी सांगितलं? लवकर लिही. पोस्टमनला मी रोज विचारतो, तो आता मला पाहून सायकल वळवतो.

तुझा
उकंडा


ढाणकी
११ मार्च २०२५

चि. उकंडास आशीर्वाद,

होते.

पण त्या पोरानं सगळं मोठं केलं आहे. रात्र नव्हती, टळटळीत दुपार होती. लांडगे नव्हते. एक काळी कुत्री होती, तिला पिल्लं झाली होती, म्हणून ती भुकेनं उकिरडा उकरायला यायची. माझ्या हातात तलवार कुठली, आईनं तुराटी दिली होती, तुरीचं वाळलेलं खोड. मी सात वर्षांची.

लगेच उचलायचं हेच खरं ठरलं होतं. तांड्यावरच्या लालीबाईनं यायचं, कोणाचं लेकरू म्हणून विचारायचं, उचलायचं आणि आईला सूपभर कोंड्याच्या बदल्यात विकायचं, म्हणजे लेकरू आपलं राहत नाही, विकत घेतलेलं ठरतं आणि ज्याला न्यायचं त्याला ते सापडत नाही. पण लालीबाईला त्या दिवशी यायला उशीर झाला. तिची गाय अडली होती. आई बाळंतीण, तिला बाहेर येता येईना. आबा शेतात. मग आईनं मला पाठवलं. म्हणाली, “कुत्रं येऊ देऊ नको. पण त्याच्याकडं पाहू नको बरं. मायेनं पाहिलं तर कळते त्याले, का हे कोणाचं तरी हाय.”

म्हणून पाठ केली. तू रडत होतास. मी कुत्रीकडे बघत होते आणि कुत्री तुझ्याकडे. तिच्या डोळ्यांवरून मला कळायचं तू हललास की नाही. लालीबाई आली तेव्हा तिनं लांबूनच विचारलं, “कोणाचं लेकरू हे?” आई दारातून ओरडली, “कोणाचं नाही.” लालीबाईनं मला विचारलं, “तुझं हाय का वं, पोरी?” मीही म्हटलं, नाही.

नंतर वर्षभर मी तुला कडेवर घेतलं तरी तोंड दुसरीकडे करून चालायची. गावातले लोक म्हणायचे, या पोरीला भाऊ आवडत नाही.

कपिल पाचवीत माझ्याकडे होता, भावजयीला बरं नव्हतं ते वर्ष. शाळेत कोणीतरी बापाच्या नावावरून बोललं आणि तो मारामारी करून शर्ट फाडून आला. तेव्हा मी त्याला हे सांगितलं. त्यानं एकच विचारलं, “आत्या, तुराटीनं कुत्री मरते का?” मी म्हटलं, नाही मरत. तो म्हणाला, “मग तलवार पाहिजे होती.” मी ते विसरून गेले. तो विसरला नाही.

आणखी एक. दिवाळीत फोनवर तो तुला काय म्हणाला ते त्यानं मला सांगितलं आहे. “बाबा, पाहिला का?” एवढंच म्हणाला होता.

बाई


मुकुटबन
१७ मार्च २०२५

ती. बाईस नमस्कार,

पत्र मिळालं. हिला वाचून दाखवलं, ती उठून गोठ्यात गेली, या वेळी फोन न घेता.

मी विचार करतो आहे. तू पाठ केलीस ती मायेपोटी. मीही गेले काही महिने कपिलकडे पाठ केली ती एका अर्थी तशीच असेल. लोक हसत होते, त्यात आपण आणखी बघायला नको असं मला आतून वाटलं असेल. तूच त्याला असं लिहून टाक. तुझं तो ऐकतो. तुझ्या पत्रात माझं नाव आलं तरी चालेल. मी लिहायला बसलो की अक्षर खराब येतं, तो शिकलेला मुलगा आहे.

लग्नाला फार दिवस उरले नाहीत. आचारी अजून हो म्हणत नाही.

तुझा
उकंडा


ढाणकी
२५ मार्च २०२५

चि. उकंडास आशीर्वाद,

मी कुत्री हाकलत होते. तू काय हाकलत होतास?

कपिलला तू लिही. अक्षर मला वाचता येतं, त्यालाही येईल.

बाई


मुकुटबन
२ एप्रिल २०२५

चि. कपिलला आशीर्वाद,

पत्ता तुझ्या आईनं दिला. तिला तो पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीत तू फोनवर काही विचारलं होतंस. मला ते आत्ता ऐकू आलं. तर उत्तर असं की हो, पाहिला. देवरावच्या घरी पाहिला, आणि नंतर एकदा वैष्णवीच्या मोबाइलवर, तेवढीच जागा.

मी चौथी शिकलेला माणूस आहे, तेव्हा माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, पण विचारलंस म्हणून सांगतो. कराळीला उडवायची गरज नव्हती. ती चालत आली असती तर जास्त भीती वाटली असती. माझ्या आधीच्या तिघांसाठी जे आलं ते काही उडत आलं नसेल. घोडी वरातीतली आहेत हे देवरावनं ओळखलं, पुढच्या वेळी त्याला आधी विचार. नायकानं अंगात काहीतरी घालावं. शेवटची लढाई फार लांबली, मला मधे डुलकी लागली.

त्या पोरीचं काही बदलू नकोस. पेपरवाल्याचा कागद मी पंचांगातून काढला. उकिरड्यावर टाकणार होतो, मग चुलीत घातला. त्यानं लिहिलं की ती बसूनच राहते. तेच तर तिचं काम होतं. त्याला ते कळलं नाही कारण त्याच्यासाठी कोणी तसं बसलं नसेल. मला कळायलाही पंच्याहत्तर वर्षं लागली, तेव्हा त्याला तरी काय बोलायचं?

शेणखत पाहिजे होतं तर कशाला पाहिजे ते सांगायचं होतंस. मी निळं ताट वर काढून ठेवलं असतं, नीट दिसेल असं.

वैष्णवीचं लग्न वैशाखात आहे हे तुझ्या आईनं गोठ्यातून कळवलंच असेल. मामा तू आहेस. दुसरा कोणी नाही, मी शोधून पाहिला, मिळाला नाही. आठ दिवस आधी ये. आचारी ठरलेला नाही, मांडवाच्या कापडाचा वाद चालू आहे, पाण्याचा टँकर येतो म्हणतो आणि येत नाही, आणि माझ्या एकट्यानं होत नाही. वणीहून येताना दुपारच्या गाडीनं येऊ नकोस, ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांध. मोटारसायकल असती तर बरं झालं असतं, पण ते आल्यावर बोलू. टाच दुखते का?

पत्रिका छापायला गेली. छापायच्या आधी मी नागपूरला फोन केला, वैष्णवीच्या आईला शेजारी बसवून. म्हटलं, नाव चुकलं आहे, उत्तमराव नव्हे, उकंडा घाला. त्यांनी विचारलं, म्हणजे सिनेमातले ते तुम्हीच का? मी म्हटलं, त्यातली ती मुलगी माझी बहीण आहे. लग्नात येणार आहे, भेटून घ्या. ते बराच वेळ काहीतरी बोलत होते. मला ऐकू आलं नाही, पण वैष्णवीची आई हसत होती, म्हणजे वाईट नसावं.

अजून एक सांगायचं आहे, ते कसं लिहावं समजत नाही. नवरीला घेऊन तू मंडपात येशील आणि तिच्या पाठीशी उभा राहशील. मी समोर बसेन. मंगलाष्टकं मला ऐकू येणार नाहीत, तेव्हा मला दुसरं काही काम नसेल. माझ्या आईनं सांगितलं होतं की आपल्या माणसाकडे बघायचं नाही, कोणाला तरी कळतं. तिचं त्या वेळी बरोबर होतं. पण आता मी म्हातारा झालो, मला न्यायला जे येणार आहे त्याला माझा पत्ता माहीत आहे. तेव्हा मी त्या दिवशी सगळ्या गावासमोर, देवरावसमोर आणि नागपूरच्या पाहुण्यांसमोर, अक्षता संपेपर्यंत तुझ्याकडे बघत बसणार आहे. कोणाला कळायचं ते कळू दे.

तुझा बाप
उकंडा